दोन कुलपांची बारव

माय उंबऱ्यावर कुंकवाचं तिसरं बोट ओढत होती आणि माझ्या पदराच्या गाठीत भावाची किल्ली होती.

"हे तुझ्या आज्याचं," माय म्हणाली. "हे आजीचं. हे तुझ्या काकाचं." मग तिनं बोट पुन्हा करंड्यात बुडवलं आणि तसंच अधांतरी धरून ठेवलं. चौथं बोट माझ्या वडिलांचं, आबांचं. ते ओढण्याआधी ती दर आखाजीला अशीच थांबायची.

मी ओट्यावर उभी होते. शेजारी भरलेली लाल घागर. भावाचा कोट आत बैठकीतल्या खुंटीला. मधे तो उंबरा. बोटं वाळेपर्यंत तो ओलांडायचा नाही, अशी रीत.

"माय, मी परसदारानं जाऊ का आत?"

"उभी राहा गुमान. घागर एकटी सोडतात का वं? बाप यायचाय तुझा."

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि त्याच दिवशी घरातून गेलेल्यांच्या नावानं नवी घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज, आंबा, सांजोरी ठेवतात. वैशाखाच्या उन्हात मेलेली माणसं तहानेनं घराकडे येतात म्हणे. त्यांच्या नावानं एका माणसाला जेवायला बसवायचं, त्याला 'पितर' म्हणायचं. तो घागरीतलं पाणी प्याला, की तिकडे आपलं माणूस निवतं.

गल्लीच्या तोंडाशी भावाच्या वहाणा वाजल्या. मी गाठ मुठीत धरली.

भाऊ रोज सकाळी उपरणं खांद्यावर टाकून शहरभरचे नळ बघून यायचा. कोंबडा आरवायला निघायचा, उन्हं छपरावर आली की परतायचा. आज मात्र लवकर आला. उंबरा ओला बघून ओट्याखालीच थांबला आणि आत हाक मारली, "अगं, कोट दे बाहेर. कचेरीत जाऊन येतो."

वहिनीनं उंबऱ्यावरून कोट पुढे केला. भावानं तो घातला आणि छातीवरच्या खिशाला हात लावला. ही त्याची बँकेतली सवय. दिवसातून पन्नास वेळा तो हात तिथं जायचा, बाई डोक्यावरचा पदर चाचपते तसा. हात एकदा गेला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा गेला तो तिथंच राहिला.

त्यानं वहिनीकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"घागर भरली का द्वारके?"

"भरली."

"कुठल्या पाण्याची?"

"चौकातल्या नळाची."

तो वाकला. घागरीच्या बुडाला शेवाळाचा हिरवा धागा चिकटला होता, केसाएवढा. त्याला तो दिसला. त्याला दिसला हे मला दिसलं. नळाला कुठलं आलंय शेवाळ?

"बरं," भाऊ म्हणाला.

ते 'बरं' मी ओळखत होते. बँकेत खोटी सही समोर आली, की भाऊ ओरडत नसे. 'बरं' म्हणायचा आणि कागद बाजूला ठेवायचा. संध्याकाळपर्यंत वाट बघायचा. माणूस आपल्या पायानं परत आला, तर कागद त्याच्या हातात देऊन म्हणायचा, फाड. नाही आला, तर दुसऱ्या दिवशी फौजदार.

"मी आल्याशिवाय पान वाढू नका," त्यानं वहिनीला सांगितलं आणि निघाला. कचेरी डावीकडे. तो उजवीकडे वळला.

मायनं चौथं बोट ओढलं. नेहमीसारखंच थोडं वाकडं.

*

भावाचं नाव उखर्डू. त्याच्या आधीची तीन लेकरं मायनं मातीला दिली होती. म्हणून हा जन्मला तेव्हा त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीनं "मला हे उकिरड्यात सापडलं बाई" म्हणत परत आणून दिलं. मरणाला वाटावं, हा टाकाऊ माल आहे. त्या टाकाऊ मालानं पुढे लिंबाखाली सतरंजी टाकून आमच्या कोरंबे शहरातली पहिली बँक काढली आणि बारा वर्षांनी शहरानं त्यालाच नगरपालिकेचा अध्यक्ष केलं. लोक त्याला 'परशिडनशेट' म्हणत. त्यानं तापीचं पाणी नळानं चौकात आणलं. ही सन एकवीस-बावीसची गोष्ट.

त्या उन्हाळ्यात पटकी आली. सिद्धेश्वराच्या बारवेजवळच्या आळीत आठ दिवसांत अकरा माणसं गेली. सरकारी डॉक्टर म्हणाले, पाणी नासलंय. भावानं बारव बंद करायचा ठराव आणला आणि देवस्थानचे पंच तोताराम पाटील, सगळे त्यांना आप्पा म्हणत, टेबलावर काठी आपटून उभे राहिले.

"शेटजी, बारव देवाची. तुमच्या बँकेची तिजोरी न्हाई ती!"

"मग तिजोरीसारखीच बंद करू," भाऊ म्हणाला. "दाराला दोन कुलपं. एक किल्ली माझ्याकडे, एक तुमच्याकडे. मी एकटा उघडू शकणार नाही, तुम्ही एकटे उघडू शकणार नाही. कबूल?"

आप्पांना नाही म्हणता येईना. रात्री जेवताना भाऊ हसत होता. "एक माणूस मोहात पडतो गं माय. भांडणारी दोन माणसं एकाच दिवशी मोहात पडत नाहीत."

हिशेब चोख होता. एक गोष्ट तेवढी त्यात धरलेली नव्हती. आखाजीला त्या दोन्ही घरांच्या लेकी माहेरी येणार होत्या, आणि आप्पांची बहीण केसर आणि मी, आम्ही दोघी पाच वर्षांच्या असल्यापासून एकाच झोक्यावर उभ्या राहून वाढलो होतो.

माय दोन दिवस जेवली नव्हती. "नळाच्या तोंडाला कातडं असतं, विटाळाचं," ती म्हणायची. "ते पाणी मी त्यांना पाजू? जाताना पाणी पाणी करत गेले ते. बारवेचं दे, म्हणत होते. वैद्य म्हणाला, पटकीत पाणी म्हंजे विष. थेंब दिला नाही कुणी. चौदा वर्षं झाली, चौदा घागरी भरल्या आपण बारवेच्या. ही पंधरावी."

आबा गेले तेव्हा मी सासरी होते. मला नुसता सांगावा आला होता. म्हणून असेल, मायचं ते 'थेंब दिला नाही' मला फार लागायचं.

केसरला मी हे झोक्यावर सांगितलं. तिनं झोका पायानं थांबवला.

"आमच्या आप्पाची किल्ली देवघरात, खंडोबाच्या पाटाखाली," ती म्हणाली. "तुझा भाऊ पहाटे नळांना दंडवत घालायला जातो, तेव्हा कोट घालतो का गं?"

"न्हाई."

"मग काय अडलंय? पुरुषांनी कुलपं लावायची, बायांनी घागरी भरायच्या."

आखाजीच्या तांबड्यात आम्ही बारवेच्या दाराशी गेलो. माझी किल्ली वरच्या कुलपाला, तिची खालच्या. आत पाऊल टाकलं आणि गारवा अंगावर आला. बेचाळीस पायऱ्या. खाली पाणी काळंभोर, निवांत, त्यात तांबड्याचा एक चौकोन. या पाण्यात कुणाचं मरण असेल, असं त्या वेळी देवानं सांगितलं असतं तरी पटलं नसतं. मला वाटत होतं, हा सगळा दोघा पुरुषांच्या हट्टाचा खेळ.

घागरी भरल्या. मी माझी कमरेवर घेतली. केसर मात्र पायरीवर बसून राहिली. तिचं सासर खारपट्ट्यात. तिथं विहिरीत पाणी नाही, मिठागर आहे म्हणायची. तिनं पाण्यावर हात फिरवला आणि हलक्या आवाजात म्हणाली,

माहेरीच्या पाण्याची गं
गोडी सांगू मी कुणाला
ओंजळीत घेता घेता
बाप दिसला तळाला

आणि ओंजळ भरून प्याली. एक. मग आणखी एक.

"तू घे ना गं."

"माझा उपास आहे पितरांना पाणी दाखवेपर्यंत," मी म्हणाले. "चल लवकर. उजाडलं."

दोन्ही कुलपं परत लागली. केसरचं घर जवळ, तिची किल्ली जागच्या जागी गेली. माझी राहिली.

*

भाऊ निघून गेला आणि मी घागरीजवळ बसून राहिले. पितर म्हणून सुकदेव मास्तर यायचे होते. आबांचे लंगोटीयार. ते नेहमीप्रमाणे वेळेच्या आधी आले.

"काय वैनी, मेलेल्याला लवकर भूक लागत नाही का? दाम्या कधी जेवायला उशिरा आला होता? मग मी का यावं?" दाम्या म्हणजे आमचे आबा, दामोदर.

मायच्या तोंडावर दोन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. "बसा भावजी. उखा आला की वाढते."

"येतोय कशाला तो आता! माळी आळीत गेला असल. तिथं काल रात्री चौघांना लागण झाली." मास्तरांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "परवा पोरांनी बारवेच्या मागच्या भिंतीचा दगड काढला आणि दोरीनं कळशी सोडली म्हणे. पाणी काढलं, चार घरांत वाटलं. त्याच चार घरांत एकेक माणूस आडवं. डॉक्टर म्हणतो, बारवेचं पाणी काढलं की हे होणारच."

माझ्या कानात कुणीतरी शीळ घातल्यासारखं झालं.

"त्याच पाण्यानं?" मी विचारलं.

"त्याच. दुसरं काय? दोघं तर सकाळीच गेली."

ऊन ओट्यावर चढलं. भाऊ येईना. माय दोनदा दारात जाऊन आली. "दुपार टळली की पितर उपाशी परत जातात. वाढ गं सूनबाई."

"ते म्हणाले होते, आल्याशिवाय..." वहिनी म्हणाली.

"त्याचा बाप दारात उभा हाय आणि तुम्ही त्याची वाट बघता?"

पान वाढलं गेलं. मास्तर पाटावर बसले. मायनं घागरीवरचं डांगर काढलं, लोटा आत बुडवला. पाणी भरताना घागर 'डुब्' अशी बोलली. तो आवाज मला अजून येतो. माय लोटा दोन्ही हातांत धरून मास्तरांकडे निघाली, ओठांत पुटपुटत होती, "प्या. पोटभर प्या. आता कुणी नाही म्हणायचं नाही."

मी काय म्हणणार होते? परशिडनच्या घरात परशिडनची किल्ली चोरली? शहरभर बारव बंद आणि त्याच्याच घागरीत बारवेचं पाणी? चार वाजेपर्यंत त्याची खुर्ची गेली असती. मी उठले. बोलले नाही, उठले आणि मायच्या हातावर हात मारला. लोटा गेला. मग मी वळून घागरीला लाथ घातली.

ती फुटली. पाणी पाटाखालून, मास्तरांच्या धोतराखालून, उंबऱ्यापर्यंत गेलं आणि कुंकवाची चारही बोटं त्यात विरघळली.

"मेले!" माय किंचाळली. "बापाची घागर! तुला काय झालं वं रांडे? पुन्हा तहानला की गं तो!"

"माय, ती बारवेची होती. मी आणली होती."

माय तशीच खाली बसली. मास्तर आपल्या ओल्या धोतराकडे बघत राहिले. आणि मला एकदम आठवलं. केसर. त्यांचाही पितर आता पाटावर असेल. आणि केसरच्या पोटात तर दोन ओंजळी.

मी डोक्यावर पदर न घेता धावले. वैशाखाची दुपार, पायात काही नाही. चौकात लिंबाखाली आखाजीचे पत्ते रंगले होते, त्यातून कुणीतरी ओरडलं, "अरे, परशिडनशेटची बहीण! आग लागली का कुठं?" पाटील आळीत शिरले, आणि पाटलांच्या ओट्यावर पाहते, तर भाऊ.

शेजारी तोतारामआप्पा. दोघांच्या मधे एक फुटकी घागर. दोघंही घामानं निथळत होते, कुस्ती खेळून उठल्यासारखे.

भावानं मला पाहिलं. "आपली घागर?"

"फोडली."

"कुणी प्यालं?"

"न्हाई."

तो खांबाला टेकून बसला. "म्हणून आधी इकडे आलो," एवढंच म्हणाला. "घरी तू होतीस."

मला रडायलाही वेळ नव्हता. "भाऊ, केसर प्यालीय. पहाटे. दोन ओंजळी."

दारात केसर उभी होती. "काय वं तू!" ती म्हणाली. "दोन ओंजळींनी काय होतंय? बघ, उभी हाय मी धडधाकट." आणि हसली. तिच्या हिरव्या बांगड्या चौकटीवर वाजल्या.

आप्पा तिच्या बांगड्यांकडे बघत राहिले.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला पहिली उलटी झाली.

मी तिच्या उशाशीच होते. घरी तोंड दाखवायची सोय नव्हती. तासाभरात तिचे डोळे खोल गेले, गाल आत गेले, बोटांची कातडी धुणं धुतल्यावर होते तशी सुरकुतली. कालच्या बांगड्या आज कोपरापर्यंत सरकत होत्या. आणि ओठ सारखे हलत होते. पाणी. पाणी दे गं द्वारके.

दाजी वैद्य नाडी धरून बसले होते. "थेंब द्यायचा नाही. पटकीत पाणी म्हणजे विष. गेलं की पुन्हा उलटी, आणि उलटीबरोबर जीव."

आप्पा दारात आडवे उभे होते. तेवढ्यात ओट्यावर भावाच्या वहाणा वाजल्या. त्याच्या हातात लोटा होता, वर फडकं बांधलेलं.

"सरकारी डॉक्टर माळी आळीत अडकलेत. त्यांनी सांगितलंय तसं केलंय. नळाचं पाणी, उकळून गार केलेलं, मीठ आणि साखर घातलेलं. घोट घोट पाजायचं. उलटी झाली तरी पाजायचं."

"शेटजी, दारातून आत पाऊल टाकू नका," आप्पा म्हणाले. "आमच्या घरात तुमचं राजकारण पुष्कळ झालं."

"आप्पा, वेळ नाही."

"दाजींनी गावातली तीन पिढ्यांची पटकी पाहिलीय. तुम्ही काय पाहिलंय?"

भाऊ लोट्याकडे बघतच बोलला. इतका हळू, की मला पुढे वाकावं लागलं.

"एक पाहिलीय. माझ्या बापाची. मी उशाशी बसलो होतो. लोटा माझ्याच हातात होता. ते मागत होते, 'उखा, बारवेचं पाणी दे.' ह्याच दाजींनी नाही म्हटलं. मी दिलं नाही. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत मी भरलेला लोटा हातात धरून बसलो होतो आप्पा. शेवटी शेवटी ते माझ्याकडे बघत नव्हते. लोट्याकडे बघत होते."

दाजींनी मान खाली घातली.

"पुढे डॉक्टरांनी सांगितलं, पाणी पोटात गेलं असतं तर कदाचित वाचले असते."

"कदाचित?" आप्पा म्हणाले.

"कदाचितच. हमी मी देणार नाही."

"आणि मेली तर?"

"तर माझ्या नावावर लिहा. नाही दिलं आणि मेली, तर कुणाच्या नावावर लिहाल?"

आप्पांची काठी हातातून गळली. ते बाजूला झाले नाहीत. त्यांनी हात पुढे केला.

"आणा तो लोटा. माझ्या बहिणीला मी पाजीन."

"तुम्हीच पाजा," भाऊ म्हणाला. "मी मोजतो. एक घोट, मग पन्नास आकडे. मग एक घोट."

आणि तो उंबऱ्यावर बसून मोठ्यानं मोजू लागला. पहिला घोट उलटून पडला. आप्पांनी वर पाहिलं. भाऊ मोजतच राहिला, सत्तावीस, अठ्ठावीस. दुसरा पडला. तिसरा पडला. चौथा राहिला. मी तिचे तळपाय चोळत होते. तेव्हा मला दिसलं, दाराच्या फटीशी माय उभी आहे. केव्हा आली होती, किती ऐकलं होतं, कोण जाणे.

ती रात्र आकड्यांतच गेली. सकाळी कोवळं ऊन खाटेच्या पायावर आलं, तेव्हा भावाचा आवाज बसला होता आणि तो नुसते ओठ हलवत होता. आप्पांनी लोटा लावला. केसरनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि डोळे उघडले.

"मेलं हे कसलं पाणी," ती पुटपुटली. "हे तर माझ्या सासरचं! माहेरी येऊनसुद्धा खारंच का गं?"

तोतारामआप्पा, पाच हात उंच माणूस, भिंतीकडे तोंड करून हुंदके देऊ लागले.

*

त्याच सकाळी भावानं कचेरीच्या दारावर आपल्या हातानं कागद लावला: बारवेचं कुलूप अध्यक्षांच्या घरच्या किल्लीनं उघडलं गेलं, अध्यक्षांना पाच रुपये दंड. आप्पा तिथं काठी टेकत गेले आणि भांडले. "एकच नाव? म्हंजे पाटलाच्या किल्लीला काही किंमतच न्हाई? माझंबी लिहा. अन् दंड जास्त लावा, आमचं घर मोठं हाय." दोन्ही नावं लागली. पुढच्या निवडणुकीत भाऊ हरला. अकरा मतांनी.

पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं. मी घरी आले तेव्हा माय ओट्यावर बसली होती, समोर नवी कोरी घागर. कुंभारवाड्यातून स्वतः आणलेली. आखाजी टळून दोन दिवस झाले होते.

"उखा," तिनं आत हाक मारली. "चल. घागर भरायची."

"माय, घागर लेकीनं भरायची असते," मी म्हणाले.

"यंदा लेकानं."

आम्ही तिघं चौकात गेलो. नळाशी बायांची रांग होती. माय पुढे झाली आणि रांग आपोआप बाजूला सरली. भावानं घागर तोटीखाली धरली. एक म्हातारी न राहवून म्हणाली, "अगं वैनी, पितरांना हे पाणी? नळाला कातडं असतं ना?"

मायनं मागं वळून पाहिलं नाही. "मळ्यात मोटेचं पाणी ओंजळीनं प्यायचे ते जन्मभर. मोट काय सोन्याची असती का वं?"

रांगेतून हसू फुटलं. घागर भरली.

घरी तिनं उंबरा पुसला, करंडा घेतला. आज्याचं एक, आजीचं एक, काकाचं एक. बोट पुन्हा कुंकवात गेलं आणि मी श्वास धरला. पण या वेळी ती थांबली नाही. चौथं बोट सरळ ओढलं गेलं.

तेव्हा मला कळलं, चौदा वर्षं ती तिथं का अडखळायची. त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात वैद्याचा काढा उकळत होती, असं सगळे सांगत. पण तिथून आबांची खाट दिसायची. खाटेशी कोण बसलंय तेही दिसायचं, आणि त्याच्या हातातला लोटाही. कुठल्या तोंडानं ती लेकाला दोष देणार, कुठल्या तोंडानं 'तुझा दोष नाही' म्हणणार? तिला तरी कुठं द्यायला सुचलं होतं?

मास्तर पुन्हा पाटावर बसले होते, या खेपेला गुमान. मायनं लोटा घागरीत बुडवला, काठोकाठ भरला आणि भावापुढे धरला.

"घे," ती म्हणाली. "दे त्यांना."

भावाचा हात खिशाकडे गेला, सवयीनं. मग त्यानं लोटा घेतला. शहराचा परशिडन मास्तरांपुढे गुडघे टेकून बसला.

"घ्या आबा," तो म्हणाला.

मास्तरांनी लोट्याला दोन्ही हात लावले, डोळे मिटले, आणि एका दमात, घटाघटा, शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्याले. मग लोटा उपडा करून दाखवला. भावानं तो हातात घेतला आणि कितीतरी वेळ आत बघत राहिला. लोटा रिकामा होता.